घरच्या वापराला पुरेसं

माझे धाकटे दीर विमा कंपनीत दावे तपासायला होते. कुणाच्या दुकानातली फळी मालासकट खाली आली, कुणाचा पंखा जेवणाच्या टेबलावर उतरला, की भाऊजी तिथे जात, वाकून, डोळे बारीक करून भिंतीतली भोकं बघत आणि शेरा मारत, ‘बसवणाऱ्याचा हलगर्जीपणा, भरपाई देता येत नाही.’ उभ्या नोकरीत त्यांनी इतक्या लोकांची भरपाई नाकारली, की निरोपाच्या समारंभात साहेबांनी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं.

वाईट बसवलेल्या वस्तूची एवढी पारख असलेला माणूस स्वतः काही बसवायच्या भानगडीत पडणार नाही, असं आपल्याला वाटतं. मलाही वाटलं होतं. पण दुसऱ्याच्या भिंतीतलं वाकडं भोक बघायला जो डोळा लागतो, तो आपल्या भिंतीपाशी आला की मिटतो. आपला तो बाब्या.

आमचं घर दुमजली आहे. वर मी, खाली भाऊजी आणि धाकटी, म्हणजे माझी जाऊ. माझ्या यजमानांना खिळा ठोकता येत नसे, आणि येत नाही हे त्यांना माहीत होतं. नवऱ्याकडून ह्याहून मोठ्या गुणाची अपेक्षा मी कधी केली नाही. त्यांच्या वाट्याचा आत्मविश्वासही बहुधा धाकट्या भावाकडे गेला असावा.

नोकरी होती तोवर भाऊजींचं रविवारी हातोडीवर भागत होतं. निवृत्त झाले आणि मशीनं यायला लागली. पहिलं आलं ते ड्रिल. खोक्यावर एक दंड फुगवलेला तरुण भिंतीला भोक पाडता पाडता आपल्याकडे बघून हसत होता. भोक पाडताना भिंतीकडे बघावं, एवढं तरी त्या कंपनीला कळायला हवं होतं. चांगल्या ड्रिलच्या पाव किमतीत हे मिळालं, शिवाय बिटांची, म्हणजे पुढे लावायच्या टोकांची, पेटी फुकट. लहान बिटं, मोठी बिटं, लाकडाची, लोखंडाची, आणि काही कशाची हे बनवणाऱ्यालाही सांगता आलं नसतं अशी.

“वहिनी, महागडं घेऊन करायचंय काय? आपल्याला काय पूल बांधायचाय? घरच्या वापराला पुरेसं आहे.”

“कुणाच्या घरच्या, ते लिहिलंय का खोक्यावर?”

“तुमचं आपलं काहीतरीच.”

पहिल्या भोकाला मी हजर होते. मशीन सुरू झालं आणि वर माझ्या कपाटातल्या कपबश्या वाजलेल्या खाली ऐकू आल्या. जळकट वास सुटला. बिट भिंतीत शिरायचं सोडून भिंतीवर हिंडलं, चार ठिकाणी चौकशी करून आलं, आणि भाऊजींनी अंगाचा भार टाकल्यावर मुकाट्याने वाकलं. भाऊजींनी चष्मा पुसला आणि निकाल दिला, “भिंतीतच दोष आहे.” नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ज्याने केली त्याच्या घरी ड्रिल असणार. त्या दिवशी रोजनिशीत मी एवढंच लिहिलं: आज खाली ड्रिल आलं. देव बरं करो.

मग लाकूड घासायचं मशीन आलं. ते लाकडापेक्षा भाऊजींनाच जास्त हलवायचं. बंद करून चहाला बसले तरी कप बशीवर टकटकत राहायचा. लाकूड कापायचं आलं, ते सरळ रेघ सोडून बाकी सगळीकडे गेलं. शेवटी गरागरा चकती फिरणारं कटर आलं, तेव्हा मी जिन्यातूनच सांगितलं, “भाऊजी, हे चालू कराल त्या दिवशी मी वरचा मजला विकीन.” ते अजून माळ्यावर आहे आणि भाऊजींची सगळी बोटं अजून हाताला आहेत. ह्या दोन गोष्टींचा संबंध आहे, असं माझं मत आहे.

न्यायाने सांगायचं तर सगळंच टाकाऊ नव्हतं. स्क्रू पिळायचं लहानसं मशीन गुणी निघालं. खुर्च्यांचे पाय, दारांच्या कड्या, पातेल्यांच्या मुठी, सगळं त्याने तक्रार न करता घट्ट केलं. मला कुणी विचारलं तर मी सांगेन, की काम हलकं असेल, कधीमधी करायचं असेल आणि फसलं तर फार तर हसू होणार असेल, तर स्वस्त मशीन खुशाल घ्यावं. ज्या कामावर माणसाचं वजन पडणार, तिथे मात्र ‘पुरेसं’ ह्या शब्दाचा अर्थ आधी विचारून घ्यावा. मला कुणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

शिवाय स्वस्त मशीनचा एक खर्च खोक्यावर छापलेला नसतो. भोकासाठी मशीन घेतलं, की पुढे मशीनसाठी भोकं शोधावी लागतात. भाऊजी सकाळी चहा घेऊन घरभर हिंडत आणि मोकळ्या भिंतीकडे अशा नजरेने बघत, की भिंतीने पदर सावरावा.

तुम्ही म्हणाल, मग इतक्या वर्षांत त्या घरात काही कोसळलं असेल. काहीच नाही! स्वयंपाकघरातली फळी, पडद्यांचे दांडे, पुस्तकांचं कपाट, सगळं जागच्या जागी. आल्यागेल्याला भाऊजी फळीपाशी नेत, तिला लोंबकळून दाखवत आणि विचारत, “बघा. हलली?” हलत नसे. का हलत नसे, हे एकट्या भाऊजींना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

धाकटीची पद्धत ठरलेली होती. भाऊजींनी वस्तू बसवली की ती हात पुसत येई, मान कलती करून बघे, “छान झालं हं” म्हणे, आणि त्या वस्तूवर चमचासुद्धा ठेवत नसे. सोमवारी भाऊजी ऑफिसला गेले की कोपऱ्यावरचा सुतार येई. तो फळी उतरवी, भोकं बुजवी, नवी पाडी, आणि फळी पुन्हा होती तिथेच, होती तशी तिरकी बसवून जाई. तिरकेपणा ठेवायचा, ही धाकटीची अट होती. “सरळ झाली तर ओळखतील,” ती म्हणे.

निवृत्तीनंतर पंचाईत झाली, कारण भाऊजी दिवसभर घरात. मग धाकटी त्यांच्यासाठी बाहेरची कामं शोधू लागली. बँकेतली सही जुळते का बघून या, चष्म्याचा नंबर तपासून या. त्यांच्या चष्म्याचा नंबर इतक्यांदा तपासला गेला, की चष्मेवाला त्यांना बघताच म्हणायचा, “साहेब, तोच आहे.”

“अगं, एकदाचं सांगून टाक,” मी तिला म्हणायची.

“ताई, फळी पडली तर पुन्हा लावता येते. ह्यांचं तोंड पडलं की आठवडाभर वर येत नाही. त्यापेक्षा सुतार परवडतो.”

आमच्या शाळेतल्या सिस्टर खोटं बोलू नका म्हणून रोज सांगत. गप्प बसण्याबद्दल त्यांनी काही सांगितल्याचं मला आठवत नाही, म्हणून मी गप्प बसत आले. अळीमिळी गुपचिळी.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना धाकटी बाथरूममध्ये घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. घरी सोडायचा दिवस ठरला, शुक्रवार. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने भाऊजींना आणि मला बाजूला घेतलं.

“कमोडच्या दोन्ही बाजूंना भिंतीत आधाराच्या दांड्या लागतील. उठता-बसताना त्या सगळा भार दांडीवर टाकणार. दांडी निसटून त्या पुन्हा पडल्या, तर मग चालता येईल की नाही, ते कुणीच सांगू शकणार नाही.”

“अजिबात काळजी नको,” भाऊजी म्हणाले. “दांड्या मी स्वतः बसवणार.”

मुलीने कौतुकाने मान हलवली. तिला बिचारीला काय कल्पना!

माझी पुतणी परगावी असते. तिला मी फोन लावला आणि भाऊजींच्या हातात दिला.

“बाबा, त्या दांड्यांना माणूस बोलवा.”

“माणूस? मग मी कोण आहे?”

“तुम्ही बाबा आहात. माणूस बोलवा.”

भाऊजींनी फोन मला परत दिला आणि ड्रिल आणायला गेले.

दुपारभर ते मशीन खालून किंचाळत होतं. संध्याकाळी मला बघायला बोलावलं. दोन्ही दांड्या भिंतीला होत्या, एवढं खरं. एका टाइलला तडा गेला होता, तो भाऊजींनी टूथपेस्ट भरून पांढरा केला होता. बाथरूममधलाच माल, वेगळा खर्च नाही. मी उजवी दांडी धरून जरा ओढली. दांडी हलली नाही. दांडीसकट टाइल हलली.

“भाऊजी, ही टाइल हलतेय.”

“थोडी हलणारच. अगदी घट्ट केली की तडकते.”

“आणि ह्याला धरून धाकटी उठणार?”

“वहिनी, इतकी वर्षं माझी फळी पडली? दांडा पडला? मग!”

ह्याला मी काय उत्तर देणार होते? जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात धाकटीने मला पहिला प्रश्न तोच केला.

“दांड्या बसवल्या?”

“बसवल्या.”

“कशा झाल्या?”

“छान झाल्या हं,” मी म्हणाले.

तिने डोळे मिटून घेतले. हे वाक्य तिचंच होतं. त्याचा अर्थ तिला समजावून सांगायची गरज नव्हती. इतक्या वर्षांत भाऊजींच्या एकाही वस्तूवर तिने भार टाकला नव्हता, आणि आता तिचा पायच त्या दांड्यांवर अवलंबून होता.

“ताई, सुताराला बोलवा. आणि ह्यांना चष्म्याच्या नंबराला पाठवा.”

“परवाच जाऊन आले.”

“मग पेन्शनच्या ऑफिसात. हयातीचा दाखला द्यायचाय म्हणावं.”

“त्याला अजून किती महिने आहेत!”

“ते त्यांना रांगेत उभं राहिल्यावर कळेल.”

आता सुताराबद्दल. तो काही अबोल, सच्चा कारागीर वगैरे नाही. तोंडाने भारी आहे, उद्या येतो म्हणाला की परवा येतो, आणि आपलं सोडून जगातल्या प्रत्येक सुताराचं काम त्याला कच्चं वाटतं. पण धाकट्या बाईंसाठी म्हटल्यावर भाऊजी कोपरा वळतात न वळतात तोच हजर झाला. डाव्या दांडीचे स्क्रू त्याने बोटांनीच बाहेर काढले.

“साहेबांचं काम एका परीने बरं असतं, मोठ्या बाई. उतरवायला कष्ट नाहीत.”

“तोंड कमी चालव. मशीन काढ.”

“माझं दुरुस्तीला गेलंय. साहेबांचंच द्या.”

“ते? त्याने होईल?”

“गाढव आहे, पण ओझं वाहील. मशीनचं जाऊ द्या हो, ही सोबतची बिटं बघा. लोणी! ह्यांनी भिंतीला भोक पडायचं म्हणजे भिंत पनीरची हवी. मशीन स्वस्त असलं तर चालतं, तोंडाचं टोक स्वस्त नको.” त्याने खिशातलं स्वतःचं बिट लावलं आणि सुरुवात केली. तेच मशीन, पण ह्या वेळी भोक एकाच ठिकाणी पडलं. मी मनातल्या मनात कौतुक करणार, एवढ्यात शेजारची टाइल कडकन वाजली.

“ही आधीचीच तडकलेली,” तो म्हणाला.

“नव्हती.”

“मग आता आहे.”

डावी दांडी लागली. सुताराने दोन्ही हातांनी तिला धरून गुडघे दुमडले आणि लोंबकळून दाखवलं. दांडीही हलली नाही आणि टाइलही. तो उजवीकडे वळणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

“ते म्हणतात, दाखल्याचा महिना अजून लांब आहे. वहिनी, तुम्हाला कुणी सांगितलं की…”

भाऊजी बाथरूमच्या दारात उभे होते. सुताराच्या हातात त्यांचं ड्रिल होतं. माझ्या हातात त्यांचे स्क्रू होते.

“हे कोण?”

“नमस्कार साहेब. मी तुमचा सुतार.”

“माझा कुणी सुतार नाही.”

“असं कसं साहेब? बरीच वर्षं झाली की.”

मी सुताराकडे असं बघितलं, की दुसरा एखादा विरघळून गेला असता. त्याला वाटलं, आपली ओळख पटत नाही म्हणून आपण आणखी पुरावा द्यावा. “स्वयंपाकघराच्या फळीमागून पाण्याचा पाइप जातो बघा. मीच हुकवला होता तो.”

आरडाओरडा होईल म्हणून मी भिंतीला टेकले. पण खाली ठेवलेले जुने प्लास्टिकचे प्लग भाऊजींनी उचलले, उजेडात धरले, मग वाकून, डोळे बारीक करून भिंतीतली आपली भोकं बघितली. दावे तपासताना बघत तशी, पहिल्यांदाच स्वतःच्या घरात. मग ते स्वयंपाकघराकडे निघाले. आम्ही दोघं मागोमाग.

“ही फळी?”

“हो साहेब.”

“पुस्तकांचं कपाट?”

“तेही.”

“पडद्याचा दांडा?”

“तो दोनदा. एकदा तुमच्यामुळे, एकदा माझ्याच हातून चुकलं.”

“फळी तिरकी आहे, तरी तुमचीच?”

“तिरकीच बसवायची ऑर्डर होती.”

पुढच्या खोलीत आल्यावर भाऊजींनी आरशाकडे नुसतं बोट केलं. तोंडाने विचारलं नाही.

“तो तुमचा,” सुतार लगेच म्हणाला. “त्याला मी हात लावलेला नाही.”

“का?”

“आरशावर कुणी काही ठेवत नाही ना, साहेब.”

भाऊजी खुर्चीवर बसले. धाकटी सांगायची ते पडलेलं तोंड मी त्या दिवशी बघितलं. आठवडाभर वर येणार नाही म्हणायची, ती कमीच सांगत होती, असं मला वाटलं. चहा करून दिला, तो तसाच राहिला. मी काही समजावायला गेले नाही. एवढ्या मोठ्या नुकसानीची भरपाई साखर घालून होत नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली. “डावी झाली?”

“पक्की,” सुतार म्हणाला.

“उजवी मी बसवतो. तुम्ही बघा.”

“भाऊजी,” मी म्हणाले, “प्रयोग करायचा तर माझ्या खोलीत एक भिंत देते. धाकटीच्या खुब्यावर नको.”

“कोणती कुणी बसवली, ते मी तिला सांगणार आहे, वहिनी. धरायची की नाही, ते तिनं ठरवावं.”

त्या घरात कुणी काही सांगणार आहे, हे वाक्यच इतकं नवं होतं की मी बाजूला झाले.

मग जे झालं ते ऐकायला तिकीट लावायला हवं होतं. सुताराचं बिट, भाऊजींचं मशीन आणि दोघांची तोंडं.

“दाबू नका साहेब. त्याला जाऊ द्या.”

“जातच नाहीये.”

“मग दाबा की आता! एवढं नाही! अहो, भोक पाडायचंय, भिंत ढकलायची नाही.”

“तुम्ही बोलणं थांबवाल का?”

“थांबवलं. डावीकडे चाललंय.”

शेवटी दांडी लागली. सुताराने ओढून बघितली, मग भाऊजी स्वतः लोंबकळले आणि घाबरून दोनदा खाली आले. दांडी जागेवर होती.

“जराशी तिरकी आहे,” सुतार म्हणाला. “उतरवून सरळ करू?”

“नको. राहू दे तशीच,” भाऊजी म्हणाले.

शुक्रवारी धाकटी घरी आली. चार पायांच्या काठीचा आधार घेत, एकेक पाऊल टाकत ती बाथरूमच्या दारापर्यंत पोहोचली आणि थांबली. भाऊजी तिच्या बाजूला उभे होते. त्यांनी घसा साफ केला.

“डावी त्याने बसवलीय. उजवी मी.”

“कुणी त्याने?”

“तुझ्या सुताराने.”

धाकटीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

“आरसा तुमचाच आहे हं,” ती घाईघाईने म्हणाली.

“माहीत आहे.”

मग ती दांड्यांकडे वळली. ती आता मान कलती करून ‘छान झालं’ म्हणणार, म्हणून मी वाट बघत होते. तिने मान कलती केली नाही.

“उजवी धरू?” तिने विचारलं. अगदी सरळ, जसं डॉक्टरला विचारावं.

भाऊजींनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत असल्या प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर होतं, ‘अजिबात काळजी नको’, आणि ते जिभेच्या टोकावर आलेलं मला दिसलं. ते दांडीकडे वळले. वाकून, डोळे बारीक करून त्यांनी स्क्रू बघितले, टाइल बघितली, तडा बघितला.

“भार डावीवर टाक,” ते म्हणाले. “उजवीला सध्या नुसता हात लाव.”

धाकटी आत गेली. दार ओढून घेतलं. आम्ही दोघं बाहेर कान देऊन उभे राहिलो. माझं वय आणि शिक्षण बघता हे शोभणारं नव्हतं, पण जागची हलले नाही. आत काठी टेकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. भाऊजींनी दोनदा दाराकडे हात नेला आणि दोनदा मी तो खाली घेतला. मग पाणी सोडल्याचा आवाज आला.

“उठलीस?” भाऊजींनी विचारलं.

“उठले.”

“डावी?”

“हलली नाही.”

“आणि उजवी?”

“हात लावला होता.” मग ती म्हणाली, “तिच्यावर टॉवेल टाकलाय.”

“राहिला?”

“राहिलाय.”

“ओला आहे की कोरडा?”

“चिंब ओला आहे. आता दारातून बाजूला व्हाल का? मला बाहेर यायचंय.”